लॉगबुकच्या मागच्या पानावर

रात्री दोन चाळीसला गावचा फीडर ट्रिप झाला.
परत घेतला. वेळ लिहिली, सही केली.
मान वर केली तर समोरच्या भिंतीवर,
चुन्याच्या पार मधोमध,
करंगळीच्या नखाएवढं एक पाखरू.

दिव्याला येणारी शेकड्यानं येतात,
पहाटे झाडूनं सुपात भरून निघतात.
हे मात्र लपून बसलं होतं.
म्हणजे त्याच्या मते लपून.
पंख सपाट, मिशा आत, हालचाल नाही,
पांढऱ्याशुभ्र भिंतीवर राखी डाग,
डोळे मिटून कुणी भर बाजारात
उभं राहावं, आणि म्हणावं, शोधा.

मला हसू आलं. मग नाही आलं.

भिंग नव्हतं, मीटर वाचायचा चष्मा होता.
तो लावून पाहिलं:
थंड चुलीतली राख,
गोवरीचा तपकिरी,
मोहरीएवढा एक शेवाळी ठिपका, डावीकडे, उजवीकडेही तोच,
आणि आडव्या बारीक रेघा, तडकल्यासारख्या.
कुठल्यातरी भिंतीचं हे चित्र होतं
आणि ती भिंत इथली नव्हती.

नाव मला कोण सांगणार?
आमच्या खांबाला नंबर असतो,
ट्रान्सफॉर्मरच्या पोटावर पाटी असते.
याच्या पाठीवर फक्त पत्ता होता,
न वाचता येणाऱ्या लिपीत.

सकाळी ड्युटी सुटली तसा
फ्यूज वायरच्या डबीत त्याला घेतलं
आणि धानाच्या बांध्या ओलांडून रानात शिरलो.
सागाला लावून पाहिलं. दिसतंय.
धावडा फार गोरा. दिसतंय.
तेंदूच्या कोळशावर तर दिव्यासारखं दिसतंय.
मोहापाशी थोडा संशय आला,
पण संशयानं जोडणी देत नाहीत.

पुढच्या ऐनांवर कोशाच्या अळ्या सोडलेल्या.
पार्बताबाई भानारकर खाली गुलेल घेऊन बसलेली,
चिमण्या-कावळ्यांवर नजर.
"काय हुडकता जी, लाइनवाले?"
डबी उघडून दाखवली.
तिनं नाकाजवळ नेली, जशी भाजी पाहतात.
"ऐनाचंच हाय थे. लावा."

लावलं. मगरीच्या पाठीसारखी ती साल,
उभ्या भेगा, खोल.
पाखराच्या रेघा आडव्या. दिसतंय.
"दिसते ना बाई," मी म्हणालो.
"तुमी लावलं म्हून दिसते.
त्याले आपल्या मनानं बसू द्या ना."

बसलो. बिडीएवढा वेळ गेला.
एक कावळा आला, गुलेलीचा खडा सुटला,
पान हललं.
पाखरानं दोन पावलं टाकली,
थांबलं,
मग सगळं अंग घड्याळाच्या काट्यासारखं
बारावरून तीनवर फिरवलं.
रेघ भेगेला लागली.
ठिपका सालीवरच्या शेवाळात गेला.
आणि माझ्या बोटापासून वीतभरावर
नुसतं झाड उरलं.

मी तिथंच होतो, डोळे उघडे होते,
शपथेवर सांगतो, ते उडालं नाही.
"गेलं?" मी विचारलं.
"आलं," पार्बताबाई म्हणाली,
आणि खडे वेचायला वाकली.

लॉगबुकच्या मागच्या पानावर लिहिलंय:
नाव, माहीत नाही.
मुक्काम, ऐन, छातीच्या उंचीवर, सावलीची बाजू.
ओळख, दिसत नाही.
खाडाखोड केलेली नाही.

त्या रात्री गाव झोपल्यावर
यार्डातला मोठा दिवा मी जरा वेळ बंद ठेवला.
अंधारात रान कुठून सुरू होतं ते कळेना.
त्याची नोंद केली नाही.